वेसावकरांचीं गाणीं : एका जुन्या श्रोत्याचा पुनर्विचार

‘वेसावकर आणि मंडळी’ हें नांव ठाऊक नाहीं असें कोळ्याचें किंवा आगऱ्याचें घर रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. मुंबईच्या वेसावें कोळीवाड्यांतून निघालेल्या ह्या मंडळींनीं कॅसेटच्या काळांत जीं कोळीगीतें गाइलीं त्यांवर दोन पिढ्या नाचल्या, आणि अद्यापि हळदीच्या मांडवांत मध्यरात्रीच्या सुमारास तीं लागल्यावांचून राहत नाहींत. असें असूनहि मासिकांच्या पानांवर ह्या गाण्यांची चर्चा क्वचितच होते. लोक ज्यावर नाचतात त्याचें परीक्षण करावयाचें नसतें, असा आपल्या साहित्यिकांचा एक अलिखित समज दिसतो. तो समज मला मान्य नाहीं. ज्या गाण्यानें एका समाजाला स्वतःविषयीं कांहीं सांगितलें, त्या गाण्यानें काय सांगितलें आणि काय सांगावयाचें टाळलें हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे. प्रस्तुत लेखकापुरतें ह्या कामाला आणखीहि एक कारण आहे. एके काळीं मीं ह्या मंडळींवर निरतिशय प्रेम केलें. आज तें प्रेम तसें उरलेलें नाहीं. तें कां उरलें नाहीं आणि त्याचा दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा, हा प्रश्न मला बरींच वर्षें सोडवितां आला नव्हता.

माझें गांव आगरदांडा. मुरूड तालुक्यांत, राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर तें वसलें आहे. समोर, खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यांतलें दिघी. खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा किल्ला. आज ह्या खाडींतून मोटारी वाहून नेणारी जंगलजेटी चालते आणि मोठ्या बंदराचे धक्केहि उभे आहेत; माझ्या लहानपणीं मात्र पैलतीरीं जावयाचें तें लहानशा लाँचनें. मुंबईस कामाला गेलेलीं माणसें शिमग्याला परत येत, तेव्हां त्यांच्या पेटींतून नवलाईच्या वस्तु बाहेर पडत. एके वर्षीं अशा एका पेटींतून वेसावकरांची कॅसेट निघाली. ज्यांच्या घरीं टेपरेकॉर्डर होता त्यांच्या पडवींत त्या रात्रीं आम्ही पंधरा-वीस पोरें दाटीवाटीनें बसलों होतों.

गाणें सुरू झालें तेव्हां आम्हांला प्रथम वाटलें तें आश्चर्य. आनंद मागाहून आला. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करणारी आमची घरची बोली शाळेंत छडीला पात्र होती, आणि बाजारांत ती ऐकून पांढरपेशीं गिऱ्हाइकें गालांतल्या गालांत हंसत. तीच बोली, तिच्या सगळ्या ‘गो’ आणि ‘रं’ सकट, वाद्यांच्या थाटांत मोठ्यानें गात होती आणि मुळींच लाजत नव्हती! त्या दिवशीं आमच्यांतील कित्येकांची मान जी वर झाली ती पुन्हां खालीं गेली नाहीं. ह्या उपकाराची नोंद आधीं करून ठेवतों. पुढें जें लिहावयाचें आहे त्यानें ती पुसली जाऊं नये.

त्यापूर्वीं कोळ्यांचीं म्हणून जीं गाणीं आमच्या कानांवर पडत तीं आकाशवाणीवरचीं. ‘मी डोलकर’ हें त्यांतील शिरोमणि. शब्द शान्ता शेळके ह्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर ह्यांची आणि स्वर लता मंगेशकर व हेमंतकुमार ह्यांचे. त्या गाण्याचें सौंदर्य नाकारणारा करंटाच म्हटला पाहिजे. परंतु तें ऐकणाऱ्या शहरवासी रसिकाला ‘डोलकर’ म्हणजे लाटांवर डोलणारा असें वाटतें. दर्यावर्दी माणसाला त्या शब्दाचा निराळा अर्थ माहीत असतो. डोल हें शंकूच्या आकाराचें, भल्या मोठ्या पिशवीसारखें जाळें. समुद्रांत खुंट रोवून प्रवाहाच्या तोंडाशीं तें बांधावयाचें आणि पाणी फिरण्याच्या वेळीं वर ओढावयाचें. बोंबील, जवळा, कोळंबी त्यांत सांपडते. डोलकर तो हें जाळें लावणारा. त्याचें सारें जिणें भरती-ओहोटीच्या वेळांशीं बांधलेलें. रात्रीं दोन वाजतां पाणी फिरावयाचें असेल तर दोन वाजतां त्यानें जाळ्यापाशीं असलें पाहिजे; मग घरांत ताप असो कीं तेरावा असो. एका शब्दाच्या पोटांत एवढें कष्टाचें जग असावें आणि ऐकणाराला त्यांतून नुसतें डोलणें दिसावें, ही गोष्ट मला पुढें पुष्कळ दिवस खुपत राहिली. वेसावकरांकडून माझी जी अपेक्षा होती ती हीच. ते स्वतः कोळी, आणि वेसावें तर डोलीच्या मासेमारीकरितां नांवाजलेलें. बाहेरच्या कवीला जें सांगतां आलें नाहीं तें घरचा शाहीर सांगेल, अशी आशा मीं बाळगली होती.

ती आशा त्यांनीं कांहीं अंशीं पुरीहि केली, हें कबूल केलें पाहिजे. शाहीर काशीराम चिंचय ह्यांचें नांव ज्या गाण्यांशीं निगडित आहे त्यांची घडण साधी दिसते. परंतु ती साधणें सोपें नाहीं. ओळ इतकी आंखूड कीं एकदां ऐकतांच पाठ व्हावी. ठेका असा कीं ज्याला नाचतां येत नाहीं त्याचाहि पाय हलावा. एकानें हांक द्यावी आणि सगळ्या वाड्यानें ओ द्यावी, अशी त्यांत एक सांघिकता आहे. ‘वेसावची पारू’ हें गाणें घ्या. त्यांतली पारू कोणी स्वप्नांतली नायिका नाहीं. तिला गांव आहे, नांव आहे, आणि शेजारणीनें हांक मारावी इतकी ती जवळची आहे. पीटर मॅन्युएल ह्या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञानें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ ह्या ग्रंथांत उत्तर भारतांतील उदाहरणें घेऊन असें दाखविलें आहे कीं, ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एका बड्या कंपनीची जी मक्तेदारी होती ती स्वस्त कॅसेटनें मोडली आणि प्रादेशिक बोलींतल्या गाण्यांना स्वतःची बाजारपेठ मिळाली. आमच्या किनाऱ्यावर त्याच घडामोडीचें रूप म्हणजे हीं कोळीगीतें. दुसऱ्यानें आपल्याविषयीं गावें आणि आपण ऐकावें हा क्रम त्यांनीं मोडला, हें त्यांचें ऐतिहासिक श्रेय आहे.

मग मन विटलें तें कशानें? तें एका दिवसांत विटलें नाहीं. मी मोठा झालों, शिक्षणाकरितां गांव सोडून गेलों, सुट्टींत परत येऊन भावाबरोबर होडीवर जाऊं लागलों, तसतशी एक विसंगति डोळ्यांत भरूं लागली. मीं जेवढीं गाणीं ऐकलीं होतीं तेवढ्यांत जाळें कधीं रिकामें येत नव्हतें. गाण्यांतल्या होडीला डिझेल लागत नव्हतें, बर्फ लागत नव्हता, आणि हंगामापूर्वीं व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल फेडावयाची नव्हती. गाण्यांतली कोळीण नेहमीं नटलेली, अंगावर सोनें ल्यालेली. माझी आई पहांटे चार वाजतां पाटी घेऊन निघे. दागिना तिच्याहि अंगावर असे. पण वर्षांतले किती महिने तो तिच्या गळ्यांत आणि किती महिने सावकाराच्या पेटींत, हें ती आणि सावकारच जाणत. बाजारांत ती ज्या तडफेनें भाव ठरवी, ज्या बिनचूकपणें तोंडीं हिशेब करी, तें पाहून कोणाहि शाहिराला पोवाडा सुचावा. परंतु गाण्याला तिच्या ठुमक्याचें वेड होतें, तिच्या हिशेबाचें नव्हतें.

नारळी पुनवेच्या गाण्याचेंहि तेंच. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. आणि कायदा नव्हता तेव्हांहि पावसाळ्याचा दर्या कोणाला जवळ करीत नव्हता. हे दोन महिने होड्या वर काढलेल्या, जाळीं विणावयास घेतलेलीं, मिळकत बंद आणि खर्च चालू. श्रावणी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतो तो ह्या दोन महिन्यांच्या शेवटीं, पुन्हां त्याच पाण्यावर जावयाचें आहे म्हणून. त्या नारळांत आनंद आहे खरा, परंतु त्यांत विनवणी अधिक आहे. ‘शांत हो, माझा माणूस परत दे’ असें म्हणण्याची ती एक रीत आहे. गाण्यानें त्यांतला सण तेवढा उचलला आणि विनवणी किनाऱ्यावर ठेवून दिली. असें एकेक ध्यानांत येऊं लागलें, आणि ज्या गाण्यावर मी बेभान होत असें त्याच्या पहिल्या ठेक्याबरोबर मनांत एक कंटाळा दाटूं लागला.

ह्या ठिकाणीं एक फरक लक्षांत घेतला पाहिजे. आवडत्या कलावंताविषयीं निराशा होणें ही मराठी रसिकाला नवी गोष्ट नाहीं. बालगंधर्वांनीं उतारवयांतहि तरुण नायिकांचीं सोंगें घेतलीं, तेव्हां पूर्वीचे कित्येक भक्त थिएटरांतून हळहळत परतले. परंतु तेथें वय झालें होतें तें नटाचें. कॅसेटीवरचा आवाज म्हातारा होत नाहीं. वेसावकरांचें गाणें मीं पहिल्यानें ऐकलें त्या रात्रीं जसें होतें तसेंच्या तसें आजहि आहे. बदललों तो मी. म्हणून ह्या निराशेचा हिशेब मांडतांना गायकाच्या नांवापुढें आंकडा लिहून मोकळें होतां येत नाहीं. श्रोत्याचें खातेंहि उघडावें लागतें. माझें खातें उघडलें कीं पहिल्याच पानावर एक लग्न येतें.

तें लग्न माझ्या चुलत बहिणीचें. आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण असे. मांडवाची मेढ रोवण्यापासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला तिचा एकेक धवला. कित्येक ठिकाणीं भटजीवांचून तिच्या गाण्यावरच लग्न लागे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकून दचकावयास हवें. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील महदंबेनें रुक्मिणीस्वयंवरावर ज्या रचना केल्या त्यांचें नांव ‘धवळे’ असेंच आहे, आणि मराठींतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मानतों. अर्थात् जो रचनाप्रकार विद्यापीठांत आदिकाव्य म्हणून शिकविला जातो, तो आमच्या मांडवाच्या कोपऱ्यांत एक निरक्षर म्हातारी गात बसलेली असे. तिच्या गाण्याला ठेका नव्हता, वाद्य नव्हतें. एकसुरी, लांबट, कंटाळवाणें असें तें आम्हां पोरांना वाटे. ती देवांना आवतण देई, चंद्रसूर्यांना देई, मग घराण्यांतल्या पूर्वजांना देई. आणि पूर्वजांना बोलावतांना आमची धवलारीण दर्यांत गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांनाहि हांक मारी. त्या वेळीं मांडवांतल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. नवरीला हळद लागत असे, आणि त्याच घटकेला बुडालेल्या माणसाला लग्नाचें बोलावणें जात असे.

त्या रात्रीं टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यांत होता. म्हातारीचा धवला लांबला. पोरें चुळबुळूं लागलीं. कोणी तरी म्हणालें, ‘आजी, जरा दम घे, पोरांना नाचूं दे.’ ती थांबली. मीं बटन दाबलें. मांडवानें जल्लोष केला, आणि वेसावकरांच्या गाण्यावर आम्ही उजाडेपर्यंत नाचलों. म्हातारी पुन्हां गाइली कीं नाहीं तें मला आठवत नाहीं. आठवत नाहीं ह्याचीच आज शरम वाटते. पुढें कांहीं वर्षांनीं ती वारली. तिचे धवले कोणी उतरून घेतले नव्हते.

तरीहि कित्येक वर्षें मी दोष गाण्यालाच देत राहिलों. ‘ह्यांनीं आमचीं जुनीं गाणीं मारलीं’ हें माझें आवडतें वाक्य होतें, आणि चार शिकलेल्या माणसांत तें खपेहि. त्या वाक्यांतली हवा निघाली ती निसर्ग चक्रीवादळाच्या वेळीं. ३ जून २०२० रोजीं तें वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. टाळेबंदीमुळें मी त्या वेळीं गांवांतच होतों. मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरें उडालीं आणि कित्येक दिवस वीज नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं आम्ही अंगणांत काळोखांत बसलों होतों. एका पोरानें मोबाइलमध्यें उरलेल्या चार्जिंगवर वेसावकरांचें गाणें लावलें. बिचाऱ्याचा हेतु एवढाच कीं कोणी तरी जरा हंसावें. समोर कौलें नसलेलें घर, आणि काळोखांत तो सणाचा ठेका! मी चिडून म्हणालों, ‘बंद कर तें. ह्या गाण्यांना दर्या कधीं समजलाच नाहीं.’ शेजारीं माझी चुलती बसली होती. ती शांतपणें म्हणाली, ‘गान्याला कशाला बोलतंस? ता हलदीचा गाना हाय. तवा बटान तूच दाबलंस ना?’

ह्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तिच्या बोलण्यांत दोन गोष्टी होत्या, आणि टीकाकाराला त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, हळदीच्या गाण्याकडे मयताचा सूर मागूं नये. हा आक्षेप वजनदार आहे. ज्यांचें जिणें कष्टाचें त्यांना नाचावयास चार घटका हव्या असतात. त्या घटका ज्यानें दिल्या त्याला ‘तूं आमचें दुःख कां गाइलें नाहींस’ असें विचारणें हा पोट भरलेल्या माणसाचा चोखंदळपणा ठरूं शकतो. तरी हा आक्षेप मला पुरता पटत नाहीं, आणि तो न पटण्याचें कारण खुद्द धवलारणीनेंच देऊन ठेविलें आहे. धवला हेंहि हळदीचेंच गाणें. तें लग्नांतच गाइलें जाई, आनंदासाठींच गाइलें जाई, आणि तरी त्यांत बुडालेल्या माणसाला जागा होती. म्हणजे सणाच्या गाण्यांत दुःख मावत नाहीं हें खरें नाहीं. आमच्याच घरांत तें शेंकडों वर्षें मावत आलें होतें. कोळीगीतानें बोली घेतली, पोषाख घेतला, सण घेतला. ही जागा मात्र घेतली नाहीं. वाङ्मय ह्या दृष्टीनें त्याची उणीव ती हीच, आणि चुलतीच्या बोलण्यानें ती नाहींशी होत नाहीं.

दुसरी गोष्ट बटनाची. तिथें मात्र मी निरुत्तर आहें. वेसावकरांनीं कोणत्याहि धवलारणीला गप्प बसविलें नाहीं. ते आपल्या वाड्यांत आपलें गाणें गात होते. वेसाव्याहून समुद्रमार्गें जवळजवळ शंभर किलोमीटर दूर असलेल्या आमच्या मांडवांत कोण गातें आणि कोण थांबतें, हें त्यांना कळण्याचा संभव नव्हता. एका गाण्याकरितां दुसरें थांबविलें तें आम्हीं. दोन्हींना रात्र पुरली असती. त्यांच्या मागून आलेल्या गाण्यांच्या लाटेंत शब्द उत्तरोत्तर कमी होत गेले आणि ठेका उत्तरोत्तर मोठा होत गेला, तोहि आमच्याच मागणीमुळें. डी.जे.च्या भिंतीपुढें आज वेसावकरांचें जुनें गाणें ऐकलें तर तें जवळजवळ संयमी वाटतें, आणि आपण ज्यावर इतके रुसलों होतों तें एवढें वाईट नव्हतें हें ध्यानांत येतें.

तेव्हां ह्या पुनर्विचाराचा निष्कर्ष काय? वेसावकरांचीं गाणीं हीं आमच्या बोलीच्या स्वाभिमानाचीं गाणीं आहेत, आणि त्या नात्यानें त्यांचें स्थान पक्कें आहे. तीं आमच्या जिण्याचीं गाणीं नाहींत. तीं तशीं आहेत असें मानण्याची चूक मीं केली, आणि चूक उमगल्यावर तिचा राग त्यांच्यावर काढला. पहिलें प्रेम जसें आंधळें होतें तसाच मागाहूनचा तिटकाराहि आंधळा होता. जें गाणें मला हवें होतें, ज्यांत डोल असेल, रिकामें जाळें असेल, आईचा हिशेब असेल आणि तरीहि ज्यावर पाय हलतील, तें अजून लिहिलें जावयाचें आहे. तें लिहिणारा बहुधा आमच्याच वाड्यांतला कोणी तरी पोरगा किंवा पोरगी असेल. आणि त्याला किंवा तिला वेसावकरांचा ठेका आणि धवलारणीची हांक ह्या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतील. पहिली हवी तेव्हां मिळते. दुसरी जिथें अजून शिल्लक असेल तिथें ती उतरून ठेवण्याचें काम महाविद्यालयांतून मराठी शिकविणाऱ्यांनीं आणि गांवांतल्या शिकलेल्या पोरांनीं तांतडीनें हातीं घ्यावें, एवढीच ह्या लेखाची मागणी आहे.

माझ्यापुरती सुरुवात मीं केली. मध्यंतरीं गांवांत एक हळद होती. वाद्यें लागण्यापूर्वीं चुलतीला मांडवाच्या कोपऱ्यांत बसवून मीं तिला धवला म्हणावयास सांगितलें. एक तिला पुरा आला. दुसरा अर्ध्यावर तुटला. ‘फुरचा नाय आठवत,’ ती म्हणाली. जेवढा आला तेवढा मीं मोबाइलवर धरून ठेविला आहे. मग रात्रीं केव्हां तरी ‘वेसावची पारू’ लागली, आणि खोटें कशाला सांगूं, मीहि नाचलों. चुलती माझ्याकडे पाहून हंसत होती.